आजची नाय कोणाची?

दर हंगामाच्या पहिल्या दिवशी आमच्या कारखान्याच्या दारात गाऱ्हाणं घातलं जायचं. गावातले वयस्क गावकार, म्हणजे देवळाचे मानकरी, नारळ हातात धरून उभे राहायचे. 'बा देवा म्हाराजा' अशी सुरुवात करून आंबा सांभाळ, यंत्रं सांभाळ, बायामाणसांचे हातपाय सांभाळ, असं एकेक मागणं देवापुढे ठेवायचे, आणि प्रत्येक मागण्यामागून आम्ही सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचो. सगळ्यांत मोठा आवाज तलाठीबाईंचा असायचा. नारळ फुटला, खोबरं वाटून झालं की त्या पदर खोचून पायरीवर चढायच्या आणि म्हणायच्या, "देवाक व्हय म्हणान झाला. आता आत गेल्यार माका कोणी व्हय म्हणूचा नाय."

नवीन आलेल्या बाईला वाटायचं, म्हातारी चेष्टा करतेय. जुन्या जाणत्यांना माहीत होतं की चेष्टा बिलकुल नाही.

मिठबावच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रस्त्याला लागून, आंब्याचा रस डब्यांत भरायचा हा छोटा कारखाना बाईंच्या यजमानांनी काढला होता. ते गेले तेव्हा बाईंची तलाठ्याच्या नोकरीतली निवृत्ती जवळ आली होती. मूलबाळ नव्हतं. सगळ्या नातेवाइकांनी जागा विकून टाकायचा सल्ला दिला, कारण सड्यावरून समुद्र दिसतो आणि हल्ली समुद्र दिसणाऱ्या दगडालाही गिऱ्हाईक आहे. बाईंनी सल्ला ऐकून घेतला आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याचं कुलूप उघडलं. पुढे मालकीणबाई झाल्या तरी त्यांना सगळे तलाठीबाईच म्हणत राहिले. मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. होऊन घरी बसले होते. लिखापढीला म्हणून मला त्यांनी बोलावलं, आणि मी सहा महिन्यांसाठी म्हणून गेले ती कितीतरी हंगाम तिथंच राहिले.

बाईंच्या गळ्याला मानेचा पट्टा असायचा. पांढरा, जाड, धुऊन धुऊन पिवळट पडलेला. डॉक्टरांनी मणक्याचं काहीतरी सांगितलं होतं, पण बाईंचं निदान वेगळं होतं. नोकरीभर साहेबांपुढे इतकी मान डोलावली की ती झिजली, असं त्या कोणालाही ऐकवायच्या. ऑफिसच्या खोलीत त्यांची भाषा शुद्ध सरकारी असायची, "सदर बाब निदर्शनास आणावी" वगैरे. पायरी उतरून दारातल्या फणसाखाली आल्या की तोंडात मालवणी. एकाच वाक्यात उंबरठा ओलांडला तर वाक्याचं पहिलं टोक शुद्ध आणि दुसरं घरचं, असंही मी ऐकलंय.

या पट्ट्यामुळेच लेबलांचा तो प्रसंग घडला. त्यांचा पहिलाच हंगाम होता. माल उद्या पाठवायचा, डब्यांना लेबलं लावायची. बाईंना मान वळवता येत नव्हती, म्हणून त्यांनी मागे न बघता हाताने कोपरा दाखवला आणि 'ती लेबलं लावा' म्हणून सांगून बाहेर निघून गेल्या. हात दाखवला तो नेमका दुसऱ्या कोपऱ्याकडे. तिथे कोकम सरबताच्या बाटल्यांची लेबलं होती. दिवसभर आमच्या बायांनी आंब्याच्या डब्यांना कोकम सरबताची लेबलं चिकटवली. बाटलीचं लेबल ते, डब्याभोवती पुरेना. तर एकेका डब्याला दोन-दोन लावली, आणि जोड दिसू नये म्हणून नीट कडेला कड मिळवून लावली. मी त्या दिवशी बँकेच्या कामाला कणकवलीला गेले होते, नाहीतर मीही कड मिळवत बसले असते.

संध्याकाळी बाई परतल्या आणि दारातच थांबल्या. सगळीकडे लालभडक कोकमाची चित्रं. त्या ओरडल्या नाहीत. गरम पाण्याची पातेली मागवली, पदर खोचला, आणि लेबलं खरवडायला सगळ्यांच्या मधे पाट घेऊन बसल्या. खरवडता खरवडता एकेकीला विचारत गेल्या, डब्यात आंबा आहे हे ठाऊक होतं ना? सगळ्यांना ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यावर चर्चासुद्धा झाली होती. मग कोणीच कसं बोललं नाही, या प्रश्नावर झाकणाच्या यंत्रावरची मंदा खाली बघत म्हणाली, "बाईंनी सांगल्यानी म्हंजे कायतरी असतलाच, असा वाटला."

मला पुढे त्या ऑफिसात म्हणाल्या, "शुभा, यांना बोलण्यात काही अर्थ नाही. यांच्या जागी मी असते तर मीही लावली असती. सबंध नोकरी मी दुसरं काय केलं?" हे बोलताना त्यांचे डोळे भरले होते. रागाने भरले होते, आणि राग मंदावर नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून 'नाय' सुरू झाली. रोज सकाळी यंत्रं चालू व्हायच्या आधी सगळ्यांनी फणसाखाली जमायचं. बाई दिवसाचं काम सांगायच्या आणि मग विचारायच्या, "आजची नाय कोणाची?" पाळी ठरलेली असायची. ज्याची पाळी त्याने बाईंनी सांगितलेल्या कामातल्या कुठल्यातरी एका गोष्टीला नाही म्हणायचं. म्हणायचंच. पटत असलं तरी. यात सूट नव्हती, मला नाही, बॉयलरवाल्या बाबलला नाही, झाडूवालीलासुद्धा नाही.

सुरुवातीचे दिवस आठवले की अजून हसू येतं. आमच्याकडे भांडायला कोणाला शिकवावं लागत नाही. नळावर आणि मासळीच्या टोपलीपाशी या बायांची जीभ अशी चालते की समोरच्याने वाट बदलावी. पण कामाच्या जागी, मालकासमोर, उभं राहून, शांतपणे नाही म्हणायचं म्हटल्यावर त्याच बायांच्या तोंडाला कुलूप. एकीने पाळी टाळायला चक्क दांडी मारली. बाई तिच्या घरी गेल्या आणि उंबऱ्यात उभं राहून तिची नाय घेऊन आल्या. ती बाई म्हणाली होती, "नाय, बाई, तुमी आत येवा, भायर उबी ऱ्हवा नकात." बाईंनी तीच नाय म्हणून धरली.

सगळ्यांत पक्की सुमनमावशी. आढीच्या खोलीत, म्हणजे जिथे पेंढ्यात आंबा पिकत घालतात तिथे, ती यजमानांच्या वेळेपासून होती. तिची पाळी आली की ती पदराचं टोक तोंडाशी धरून एकच वाक्य बोलायची, "नाय, चायेत साखर कमी आसता." बाई लगेच साखर वाढवायला सांगायच्या. पुढच्या पाळीला पुन्हा तेच. हंगाम संपेपर्यंत आमचा चहा इतका गोड झाला की चमचा उभा राहावा. मी एकदा वैतागून म्हटलं, हिला काहीतरी दुसरं बोलायला लावा. बाई म्हणाल्या, "तिका जबरदस्ती करू नको गो. तोंड उघडता ना? एक दिवस त्याच तोंडातसून दुसरा कायतरी येतला." मला काही ते खरं वाटलं नाही. त्या काळात मला बऱ्याच गोष्टी खऱ्या वाटत नसत.

नायला एक शेपूट होतं, आणि खरा जाच त्याचा होता. नाही म्हटलं की बाई लगेच विचारायच्या, "मगे काय करूचा?" नाही म्हणणाऱ्यानेच उपाय सांगायचा, आणि त्या दिवसापुरतं ते काम त्यानेच बघायचं. नुसती तक्रार करून हात झटकायची सोय नव्हती. मंदाने एकदा चाचरत सांगितलं की डबे एका दमात भरून रांग लावण्यापेक्षा थोडे थोडे भरावेत, झाकणाच्या यंत्राशी गर्दी होते. झालं, तो दिवस मंदाचा. तिने कोणाला कुठे उभं करायचं ते सांगितलं, संध्याकाळी घसा बसला, पण काम वेळेत संपलं. पुढच्या हंगामापर्यंत ती अख्खी झाकणांची बाजू बघू लागली. त्यानंतर मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन करणं तिच्याकडे आलं. पहिला फोन तिने भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून केला होता. आता गाडीला उशीर झाला की ती व्यापाऱ्याला अशी फैलावर घेते की ऐकणाऱ्याला त्याची दया येते.

बाईंची खरी परीक्षा बाबलने घेतली. गाडी दारात उभी, शेवटचा घाणा बाकी, आणि त्या सकाळी पाळी बाबलची. तो म्हणाला, आज बॉयलर पेटवायचा नाही, वाफेचा व्हॉल्व्ह अडकल्यासारखा वाटतो, कणकवलीहून मिस्त्री आणा. गाडीवाला तिथल्या तिथे भडकला. आमच्याही बाया चुळबुळल्या, कारण माल गेला नाही तर नुकसान सगळ्यांचंच. बाईंचा चेहरा उतरलेला मला दिसत होता. पण त्यांनी गाडी रिकामी परत पाठवली आणि मिस्त्री बोलावला. मिस्त्रीने दुपारभर सगळं खोलून बघितलं आणि सांगितलं की व्हॉल्व्हला काहीही झालेलं नाही.

बाबल त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या सकाळी तो फणसाच्या आड उभा होता. बाईंनी त्याला नाव घेऊन पुढे बोलावलं, सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, "नाय चुकली तरी चलता. चुकीचो व्हय माका चलाचो नाय." मग रोजच्यासारखं विचारलं, आजची नाय कोणाची? आमच्यातल्या पुष्कळजणी त्या दिवसापासून मनापासून बोलू लागल्या. तोपर्यंत आम्ही बाईंना चाळा म्हणून साथ देत होतो.

हळूहळू याचा बोभाटा झाला. ग्रामपंचायतीच्या सरपंचांनी बाईंना कर्मचाऱ्यांपुढे चार शब्द बोलायला बोलावलं. बाई चार शब्द बोलल्याच नाहीत. त्यांनी शिपायापासून सुरुवात करून प्रत्येकाला सरपंचसाहेबांच्या एका गोष्टीला नाही म्हणायला लावलं. शिपाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाला, ग्रामसभा दहाची सांगून साडेअकराला सुरू करू नये, बायका लहान मुलांना घेऊन ताटकळतात. बाईंनी ठरल्याप्रमाणे विचारलं, मग काय करायचं? तो म्हणाला, दहाला सुरू करूया, जो नसेल तो नसेल. सरपंचांनी हसत हसत बाईंना शाल आणि नारळ दिला. पुन्हा काही त्यांना बोलावलं नाही. पण सभा बरेच दिवस दहाला सुरू होत होती, हे मी स्वतः पाहिलंय.

बाहेर लोक मात्र एकच म्हणत, हे सगळं बाई आहे तोवर. बाई गेली की सड्यावर हॉटेल उभं राहणार. दर हंगामाआधी कोणीतरी चकचकीत गाडीतून यायचा, समुद्राकडे बघून खोल श्वास घ्यायचा आणि जागेचा भाव विचारायचा. बाई त्याला कोकम सरबत पाजून परत पाठवायच्या. त्यांना हे बोलणं फार लागायचं, हे मला ठाऊक आहे. एकदा हिशेब करता करता त्या मधेच म्हणाल्या, "माझ्यामागे हे दार बंद झालं, तर मी इथे कारखाना चालवला नाही, नुसती हौस केली असं होईल." मी पुढचा कागद त्यांच्यासमोर सरकवला.

मग मी दिलेल्या सरकारी परीक्षेची यादी लागली, तिच्यात माझं नाव. देवगडला पंचायत समितीत नेमणूक. मी बाईंना सांगायला गेले आणि सांगता सांगता म्हटलं, मी जाणार नाही, मी इथेच राहते. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्या खुर्चीतून उठल्या आणि मला सरळ फणसाखाली घेऊन आल्या. "आता सांग. नाय म्हटलंस. मगे काय करूचा?" मी बोलायला तोंड उघडलं. माझ्या जागी बसायला दोघीजणी मीच तयार केल्या होत्या. इथे माझ्यावाचून काहीच अडत नव्हतं, मलाच जायची भीती वाटत होती. बाई म्हणाल्या, "उपाय नसला तर ती नाय न्हय गो, ता भय." मी गेले. रडत गेले, पण गेले.

बाईंचे गुडघे गेले तेव्हा मी नोकरीत रुळले होते. एका मे महिन्यात आईला भेटायला घरी आले आणि सकाळीच सड्यावर चक्कर मारली. सगळे फणसाखाली जमले होते. बाई प्रथमच खुर्चीवर बसल्या होत्या. आवाज खणखणीत होता, पण शब्द थकलेले. त्या म्हणाल्या, शरीर साथ देत नाही, देवगडचा एक व्यापारी कारखाना घ्यायला तयार आहे, तुम्हा सगळ्यांना रोजावर ठेवणार आहे, हंगाम संपला की कागद करायचे. एवढं बोलून त्या सवयीप्रमाणे विचारून बसल्या, "आजची नाय कोणाची?" विचारल्यावर त्यांना स्वतःलाच कसंतरी झालं असावं, कारण त्यांनी हात हलवला, जणू आज राहू दे.

पाळी मंदाची होती. ती पुढे आली. हाताला काही लागलेलं नव्हतं तरी ते पदराला पुसत राहिली.

"नाय, बाई. इकूचो नाय."

"ही मोजूची नाय," बाई म्हणाल्या. "ह्या तुज्या कामातला न्हय."

मंदा हलली नाही. मग बाबल म्हणाला, नाय. मग एकेक करत सगळ्याच. सुमनमावशी तेवढी पदर तोंडाशी धरून गप्प होती. बाई रागावल्या. मी त्यांना त्या माणसांवर रागावलेलं पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी मंदाकडे बघून जवळजवळ धमकावल्यासारखं विचारलं, "मगे काय करूचा?"

"तुमी घराक जावा. तुमच्या गुडघ्यांक आराम व्हयो. कारखानो आमी चलवतलव. आमच्या बचत गटाच्या नावान चलवतलव, आणि दर सकाळी तुमका येवन सांगतलव."

बाईंनी गळ्याचा पट्टा काढून मांडीवर ठेवला, मान दोन्ही बाजूंना हळूहळू फिरवली आणि कमरेची किल्ली सोडून मंदाच्या हातात दिली. ज्याची नाय त्याचं काम, हा त्यांचाच नियम होता. रिक्षात बसताना मला म्हणाल्या, "बघितलंस? माझाच विंचू मला चावला." आणि एवढ्या आनंदाने हसल्या की रिक्षावालाही हसला.

बायांच्या बचत गटाने कारखाना चालवायला घेतला. बाई ओसरीवर बसून रोज सकाळी मंदाची वाट बघत आणि तिने सांगितलेल्या प्रत्येक निर्णयावर नाक मुरडत. मंदा शांतपणे ऐकून घ्यायची आणि तिला पटेल तेच करायची. मी माझ्या कार्यालयात सोमवारी सकाळी कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून विचारायला लागले, आजची नाही कोणाची? पहिले काही महिने माझ्याकडेही चहाच गोड होत होता. मी थांबले. बाईंनी थांबायला शिकवलं होतं.

त्या गेल्या त्याही मे महिन्यातच, ऐन हंगामात, पहाटे झोपेत. मी देवगडहून पोहोचले तेव्हा मंदा फणसाखाली सगळ्यांना सांगत होती की आज कारखाना बंद. सगळ्यांचे डोळे सुजलेले. कोणाला यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. बंदच असणार, दुसरं काय? मंदाने हुंदका आवरला आणि, तोंडातून सवयीने निघून गेलं असेल, विचारलं, "आजची नाय कोणाची?"

कोणीतरी हळूच सांगितलं, सुमनमावशीची. मंदा म्हणाली, राहू दे आज.

"रवान्दे कित्याक?" सुमनमावशीने पदर तोंडावरून बाजूला केला. "नाय. बंद ठेवूचो नाय. आढयेतलो आंबो पिकलो आसा, उद्या कुसात. अर्ध्यांनी बाईंका बघूक जावचा, अर्ध्यांनी हंय काम करूचा. मगे अदलाबदल करूची."

इतक्या वर्षांत मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मंदाने तिच्याकडे बघितलं, मग बाबलकडे, आणि बाबल बॉयलरकडे गेला.

दुपारी बाईंची तिरडी सड्यावरच्या त्याच रस्त्याने निघाली. कारखान्याच्या दाराशी येताच आतल्या बाया बाहेर आल्या, डोक्याला टोप्या, कोपरापर्यंत रसाने माखलेले हात जोडलेले. आत यंत्र चालूच होतं. बाईंचा एक पुतण्या कातावून म्हणाला, निदान प्रेत पुढे जाईपर्यंत तरी ते बंद करा. मंदाने सुमनमावशीकडे बघितलं, कारण दिवस तिचा होता.

"नाय," सुमनमावशी म्हणाली. "बाईंका आवाज आयकान जांवदेत."

पुतण्याने पुन्हा तिरडीला खांदा दिला. माणसं थोडी थांबली आणि मग पुढे उतारावर निघून गेली. अदलाबदलीत माझीही पाळी होती. मी डोळे पुसले, खुंटीवरची एक टोपी काढून डोक्याला बांधली आणि आढीच्या खोलीत सुमनमावशीच्या जागी जाऊन बसले.